दहापैकी तीन दिलेला एपिसोड: ‘द ग्रेट डिव्हाइड’ पुन्हा बघताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास, ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढलेत. सगळे निघाले नसतील, सांभाळून घ्या.

आपल्या पॉडकास्टवर आपण इतिहासाबद्दल बोलतो, आणि आज मी एका कार्टूनबद्दल बोलणार आहे. पण हा भागही इतिहासाबद्दलच आहे. एकाच घटनेच्या दोन हकिगती असतील तर काय करायचं? आणि भांडण मिटावं म्हणून तिसरी, साफ खोटी हकिगत रचून सांगितली तर ते चालतं का? हा प्रश्न मला एका वीस-बावीस मिनिटांच्या एपिसोडने विचारला. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर याच एपिसोडला मी दहापैकी तीन मार्क दिले होते. मित्राच्या हार्ड डिस्कवरून अख्खी मालिका बघायची आणि प्रत्येक एपिसोडला एक्सेल शीटमध्ये मार्क टाकायचे, हा आमचा उद्योग. ती शीट अजून माझ्याकडे आहे. शेरा लिहिलाय: ‘टाइमपास पण नाही.’

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो, साताऱ्याकडे. तिथे चुलतभावाच्या नऊ वर्षांच्या मुलीबरोबर हा एपिसोड परत बघितला. संपल्यावर तिने मला एक प्रश्न विचारला आणि माझी पंचाईत झाली. तो प्रश्न शेवटी सांगतो. आधी ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख.

मालिका कुठली, एपिसोड कुठला

मालिकेचं नाव ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’. मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांनी ती अमेरिकेत निकलोडियनसाठी बनवली. २१ फेब्रुवारी २००५ ला सुरू झाली आणि जुलै २००८ मध्ये संपली. तीन सीझन, एकूण ६१ एपिसोड. यातल्या जगात चार समाज आहेत: पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू. काही माणसांना आपापलं तत्त्व हाताच्या हालचालींनी वळवता येतं, त्याला म्हणतात बेंडिंग. चारही तत्त्वं वळवू शकतो तो अवतार. दर पिढीत असा एकच.

आत्ताचा अवतार म्हणजे आंग, वय वर्षं बारा. तो शंभर वर्षं बर्फात गोठून पडला होता, म्हणून कागदोपत्री वय एकशे बारा. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणार आहे. तो गोठलेला असताना फायर नेशनने त्याचा अख्खा समाज, म्हणजे एअर नोमॅड्स, संपवला आणि बाकीच्या जगाशी युद्ध सुरू ठेवलं. आंगसोबत कटारा आणि सोका ही बहीण-भावंडं फिरतात, आणि एक उडणारा सहा पायांचा बायसन आहे, त्याचं नाव अप्पा. हो, खरंच अप्पा. आमच्या घरी या नावावर पाच मिनिटं हसणं झालं.

‘द ग्रेट डिव्हाइड’ हा पहिल्या सीझनचा अकरावा एपिसोड, २० मे २००५ ला दाखवला गेला. लेखन जॉन ओ’ब्रायन यांचं, दिग्दर्शन जियानकार्लो व्होल्पी यांचं. चाहत्यांमध्ये याचं नाव कायम तळाच्या यादीत असतं. याचं एक कारण त्याच्या जागेत आहे. आधीचा दहावा एपिसोड ‘जेट’, नंतरचा बारावा ‘द स्टॉर्म’. दोन्ही दमदार. ‘द स्टॉर्म’मध्ये तर आंग घर सोडून का पळाला हे कळतं. या दोघांच्या मध्ये एक दरी ओलांडायची गोष्ट. आणि नंतर त्या दरीचं नावही फारसं निघत नाही.

बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. जुलै २००८ मध्ये आलेल्या ‘द एम्बर आयलंड प्लेयर्स’ या एपिसोडमध्ये आंग आणि मंडळी स्वतःच्याच आयुष्यावरचं एक भिकार नाटक बघायला बसतात. नाटकातली पात्रं या दरीजवळ येतात, एक जण म्हणतो बघा ही मोठी दरी, दुसरा म्हणतो जाऊ दे, पुढे चला. एवढंच. स्वतःच्याच एपिसोडची अशी थट्टा करणारी मालिका मला आवडते. पण आता वाटतं की नाटकातल्या त्या मंडळींनी पुढे जायची घाई केली.

गोष्ट काय आहे

दोन टोळ्या आहेत, गान जिन आणि झांग. दोघीही फायर नेशनच्या हल्ल्यामुळे परागंदा झालेल्या, दोघींनाही बा सिंग से या मोठ्या तटबंदीच्या शहरात आसरा घ्यायचाय. वाटेत प्रचंड दरी. ती पार करून द्यायला एकच म्हातारा वाटाड्या. आणि या टोळ्यांचं शंभर वर्षांचं वैर. गान जिन स्वच्छ, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं अदबीचं. झांग मळकट, रांगडे, मोठ्याने हसणारे. एकमेकांची सावलीही नको.

आंग म्हणतो, म्हातारे आणि आजारी लोक अप्पाच्या पाठीवर जातील, बाकी सगळे एकत्र चालतील. वाटाड्याची एकच अट: खाण्याचं काहीही बरोबर घ्यायचं नाही, कारण वासाने दरीतले भलेमोठे किडे येतात. पुढे काय होतं ते ओळखलंच असेल. गान जिन विचार करतात, झांग नक्की चोरून खाणं आणणार, मग आपणच उपाशी का मरा? झांगही नेमका हाच विचार करतात. दोघांच्याही गाठोड्यांत खाणं. किडे येतात, वाटाड्याचे दोन्ही हात मोडतात, आणि हातांशिवाय त्याला दगड वळवता येत नाहीत. म्हणजे सगळे दरीतच अडकले.

हा भाग मी पूर्वी ‘फिलर’ म्हणून सोडून दिला होता. आता बघताना अंगावर आला. अविश्वासाला पुरावा लागत नाही. समोरचा तसाच वागणार हे धरून आपणही तसेच वागतो, मग तो खरंच तसा वागतो, आणि आपण म्हणतो बघा, सांगितलं होतं ना!

एक घटना, दोन हकिगती

रात्री दोन शेकोट्या पेटतात. सोका झांगांकडे बसलाय, कटारा गान जिनांकडे. आंगनेच पाठवलंय, वैराचं कारण काढून आणायला.

गान जिनांची हकिगत अशी. त्यांचा पूर्वज जिन वेई, मोठा वीर. एका पवित्र विधीसाठी तो एक पवित्र गोळा घेऊन चालला होता. झांगांच्या वेई जिनला लोभ सुटला, त्याने जिन वेईवर हल्ला केला, त्याला पाडलं आणि गोळा पळवला.

झांगांची हकिगत अशी. त्यांच्या वेई जिनला वाटेत एक माणूस कोसळलेला दिसला, तो जिन वेई. वेई जिन मदतीला थांबला. जिन वेईनेच त्याला गोळा नेऊन पोचवायला सांगितलं. तो इमानाने घेऊन गेला, तर सरहद्द ओलांडताच गान जिनांनी चोर म्हणून धरलं आणि वीस वर्षं तुरुंगात डांबलं.

दोन्ही हकिगती वेगवेगळ्या चित्रशैलीत काढल्यात. म्हणजे दिग्दर्शक आपल्याला सांगतोय, ही घटना नाहीये, ही आठवण आहे. हा तपशील मला कॉलेजात दिसलाच नव्हता.

आता आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. रात्री सिस्टीम पडते, सकाळी दोन टीमचे लॉग समोर येतात. एक टीम म्हणते रिक्वेस्ट आलीच नाही, दुसरी म्हणते आम्ही पाठवली. आपण कुणाच्याच बाजूने सुरुवात करत नाही. आधी दोन्ही लॉगमध्ये जे सारखं आहे ते बाजूला काढतो. इथे काय सारखं आहे? दोन माणसं, त्यांची नावं, एक गोळा, एक जण खाली पडला, गोळा दुसऱ्याच्या हातात गेला. यावर वाद नाही. वाद फक्त एका गोष्टीवर आहे: वेई जिनच्या मनात काय होतं? चोरी की मदत?

आणि मन हे कुठल्याच लॉगमध्ये येत नाही. इतिहासातली पुष्कळ भांडणं इथेच अडतात. अमुक माणूस अमुक ठिकाणी होता हे कागद सांगतो. तो तिथे कशासाठी गेला होता, हे पुढच्या पिढ्या आपापल्या सोयीने भरतात.

अजून एक गंमत. पाठवलं होतं माहिती काढायला, पण सकाळपर्यंत सोका पक्का झांग झालेला असतो आणि कटारा पक्की गान जिन. एका रात्रीत. ज्याच्या शेकोटीवर बसलो, ज्याचं खाल्लं, त्याची हकिगत खरी वाटायला लागते. संशोधन करणाऱ्यांनी हा प्रसंग भिंतीवर लावून ठेवावा.

आंगची तिसरी हकिगत

शेवटी किड्यांपासून जीव वाचवायला सगळ्यांना एकत्र यावं लागतं. खाण्याच्या पिशव्या किड्यांच्या तोंडाला बांधून, त्यांच्याच पाठीवर बसून सगळे दरीबाहेर येतात. आता तरी मिटेल असं वाटतं, पण जुना विषय निघतो आणि दोन्ही म्होरके तलवारी उपसतात.

तेव्हा आंग म्हणतो, अरे, मी त्या दोघांना ओळखायचो. शंभर वर्षांपूर्वी मी तिथेच होतो. ते शत्रू नव्हतेच, जुळे भाऊ होते, आठ वर्षांचे. तो विधी म्हणजे एक खेळ. पवित्र गोळा म्हणजे चेंडू. जिन वेई चेंडू घेऊन पळताना पडला, वेई जिनने चेंडू उचलला आणि पळत सुटला, पण रेषेबाहेर गेला, म्हणून पंचाने त्याला बाहेर बसवलं. वीस वर्षं नाही, दोन मिनिटं.

सगळे ओशाळतात. तलवारी म्यान. दोन टोळ्या एक होऊन बा सिंग सेला निघतात. मग आंग हळूच कटारा-सोकाला सांगतो की हे सगळं मी बनवून सांगितलं. कटारा म्हणते हे फार चुकीचं आहे, पण म्हणताना चेहऱ्यावर हसू. एपिसोड संपला.

रचना म्हणून ही थाप उत्तम आहे हे मान्य करायला हवं. दोन्ही हकिगतींत जे सारखं होतं त्यातलं आंगने काहीच काढलं नाही. माणसं तीच, गोळा तोच, पडणं तेच, शिक्षासुद्धा तीच. त्याने फक्त माप बदललं. वीराचं मूल केलं, तुरुंगाची दोन मिनिटं केली. कुणालाच ‘तुमचे पूर्वज खोटं बोलले’ असं म्हणावं लागलं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवायला कारण होतं. तिथे जमलेल्या माणसांत तो एकटाच म्हणू शकत होता, की मी तिथे होतो.

शांततेसाठी लोकांनी काय काय केलंय

खऱ्या इतिहासात लोकांनी अशा वेळी काय केलं? मला दोन रस्ते ठळक दिसतात.

पहिला, विसरायचा. इसवी सनपूर्व ४०४ मध्ये स्पार्टाकडून हरल्यावर अथेन्समध्ये तीस जणांची राजवट आली. वर्षभरसुद्धा टिकली नाही, पण तेवढ्यात शेकडो नागरिक मारले गेले. इसवी सनपूर्व ४०३ मध्ये लोकशाही परत आली तेव्हा सूड सुरू होणार हे उघड होतं. अथेन्सच्या लोकांनी शपथ घेतली की झाल्या गोष्टींचं वैर उकरून काढायचं नाही. त्या तीस जणांना आणि त्यांच्या काही खास अधिकाऱ्यांना त्यातून वगळलं, बाकीच्यांना माफी. यात एक बारकावा आहे. घडलंच नाही असं कुणी म्हटलं नाही. घडलेलं वापरायचं नाही, एवढंच ठरलं.

दुसरा, सांगायचा. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ मध्ये कायदा करून ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन नेमलं. डेस्मंड टुटू अध्यक्ष. एप्रिल १९९६ पासून सुनावण्या सुरू झाल्या. अट अशी, की राजकीय हेतूने केलेला गुन्हा असेल आणि त्याची पूर्ण, खरी कबुली दिली, तरच माफी. सात हजारांहून जास्त अर्ज आले, त्यातले बहुतेक नामंजूर झाले. पीडितांच्या घरच्यांना समोर बसून ऐकावं लागलं. तिथल्या कितीतरी लोकांना हा सौदा अन्यायाचा वाटला आणि अजून वाटतो. पण माणूस गेला कुठे, याचं उत्तर काही घरांना पहिल्यांदा मिळालं.

एक रस्ता गप्प बसायचा, एक बोलायचा. दोन्हींना किंमत मोजावी लागते. आंगचा तिसरा रस्ता खोटं बोलायचा, आणि एपिसोडमध्ये तो फुकटात पडतो. मी तीन मार्क दिले तेव्हा हे कारण मला शब्दांत सांगता आलं नव्हतं, पण खटकलं होतं ते हेच.

मालिकेनेच दिलेलं उत्तर

यानंतर आम्ही दोघांनी अजून एक एपिसोड बघितला, तिसऱ्या सीझनचा दुसरा, ‘द हेडबँड’. २८ सप्टेंबर २००७ चा. तो लागला आणि मी ताठ बसलो.

यात आंग वेषांतर करून फायर नेशनच्या शाळेत जाऊन बसतो. इतिहासाच्या तासाला बाई प्रश्न घालतात: आपल्या राजाने, सोझिनने, एअर नेशनच्या सैन्याशी लढाई कुठल्या साली केली? आंग म्हणतो, एअर नोमॅड्सकडे सैन्यच नव्हतं, त्यांच्यावर अचानक हल्ला झाला होता. बाई टोमणा मारतात. आपल्या पुस्तकापेक्षा तुला जास्त कसं कळणार, शंभर वर्षांपूर्वी तू काय तिथे होतास का?

आणि तो होता हो! म्हणजे निदान त्या काळात, त्या माणसांमध्ये तो वाढलेला होता. पण म्हणता येत नाही. गप्प बसतो.

बघा काय झालंय. पहिल्या सीझनमध्ये तो तिथे नव्हता आणि म्हणाला मी होतो, सगळ्यांनी मान्य केलं. तिसऱ्या सीझनमध्ये तो त्या काळचा खरा साक्षीदार आहे, आणि ते तोंडातून काढायची सोय नाही. पहिल्यांदा खोट्या इतिहासाने दोन टोळ्या जोडल्या, म्हणून तो हसला. दुसऱ्यांदा खोट्या इतिहासाने त्याच्या मेलेल्या माणसांवर सैन्य असल्याचा ठपका ठेवला. दोन्हीकडे यंत्र एकच आहे: ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने सांगितलं, समोरच्यांकडे तपासायला काही नव्हतं, सगळ्यांना ते सोयीचं होतं. फायर नेशनच्या बाईसुद्धा वर्गातल्या मुलांना छान वाटेल अशीच हकिगत सांगत होत्या.

लेखकांनी हे दोन एपिसोड मुद्दाम समोरासमोर ठेवले असा माझा दावा नाही. पण दोन्ही बघितल्यावर पहिला एपिसोड पूर्वीसारखा हलका राहत नाही.

आमचा बांध

आता त्या प्रश्नाकडे येतो. ‘द ग्रेट डिव्हाइड’ संपला तेव्हा ती पोरगी म्हणाली, “काका, पण त्यांना नंतर कळलं की तो खोटं बोलला, तर? मग तर जास्तच भांडतील ना?”

मी काहीच बोललो नाही, कारण त्याच आठवड्यात मी आंगसारखंच काहीतरी करायच्या बेतात होतो.

ती ज्या घरातली, ते घर आणि आमचं घर यांच्यात एक भिंत आहे. माझे आजोबा आणि तिचे पणजोबा हे सख्खे भाऊ. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना मुंबईला गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले. त्यानंतर दोन घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पोरं इकडून तिकडे जातात, त्यांना कुणी अडवत नाही. मोठ्यांचं मात्र लग्नकार्यालासुद्धा येणं नाही.

आमच्या घरची हकिगत: नानांनी रात्रीतून बांधाचे दगड सरकवले आणि आमची काही गुंठे जमीन नांगराखाली घेतली. त्यांच्या घरची हकिगत: नाना मुंबईत असताना आजोबांनी सामाईक विहीर एकट्याच्या नावावर करून घेतली. लहानपणापासून मी पहिली ऐकली, माझा चुलतभाऊ दुसरी. आपापली शेकोटी.

दोन वर्षांपूर्वी आजोबा गेले. शेवटचे चार दिवस हॉस्पिटलमध्ये रात्रीचा मी एकटाच त्यांच्याजवळ असायचो. आणि नाना आता थकलेत. मला वाटलं, नानांना जाऊन सांगावं की आजोबा जाताना म्हणाले, चूक माझी होती. कोण तपासणार? तिथे मीच होतो. दोन घरांतली भिंत पडेल, कुणाचं काही जाणार नाही.

खरं हे आहे की आजोबा असं काहीच म्हणाले नव्हते.

पोरीच्या प्रश्नानंतर मी ते सोडून दिलं. त्याऐवजी लॅपटॉप काढला. जुने फेरफार आता स्कॅन होऊन बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन मिळतात. दोन संध्याकाळ शोधल्यावर वाटणीची नोंद सापडली, १९७९ ची. विहीर निम्मी-निम्मी सामाईक. म्हणजे आजोबांनी ती कागदावर कधीच एकट्याची केली नव्हती. पण मग घरातली जुनी लाइट बिलं चाळली, तर मोटारीचं कनेक्शन एकट्या आजोबांच्या नावावर. बटण त्यांच्या हातात, पाणी त्यांच्या वेळेला. मुंबईहून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला ‘विहीर नावावर करून घेतली’ असं वाटलं, तर त्यात नवल काय? बांधाचं मात्र कागदावरून काही कळलं नाही. दगड कुणी हलवले हे फेरफारात येत नाही, त्यासाठी मोजणी लागते.

म्हणजे आमची हकिगतही पूर्ण टिकली नाही आणि त्यांचीही. आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेलो. फेरफाराची प्रिंट दाखवली, मीटरचं सांगितलं. हॉस्पिटलबद्दल जे खरं होतं तेवढंच सांगितलं: एका रात्री आजोबांनी मला विचारलं होतं, विहिरीवरच्या आंब्याला मोहोर आलाय का? तो आंबा दोघा भावांनी मिळून लावला होता, हे मला नानांकडूनच कळलं. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो कागद ठेव इथं. सावकाश वाचतो.”

एवढंच झालं. बोलणं सुरू झालेलं नाही. आमच्याकडे अजून कुणी चहाला आलेलं नाही. मोजणीचा अर्ज करायचा का, यावर दोन्ही घरांत आपापली खलबतं चालू आहेत. आंगने दोन मिनिटांत जे केलं ते मला जमलं नाही. पण उद्या कुणी येऊन मला खोटं पाडू शकणार नाही, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडी मी शब्द घातले नाहीत.

नवीन मार्क

तर, एक्सेल शीट उघडतो.

पात्रं: दहापैकी चार. स्वच्छ टोळी आणि मळकट टोळी, यापलीकडे त्यांना चेहरा नाही. चाहत्यांची तक्रार रास्त आहे. विनोद: पाच. हकिगतींची चित्रशैली: आठ, हे मी पूर्वी बघितलंच नव्हतं. खाण्याच्या गाठोड्यांचा भाग: आठ. शेवट: इथे माझं स्वतःशीच भांडण आहे. आंगची थाप रचना म्हणून नऊ, पण ती पचवून सगळे हसत निघून जातात, कटाराच्या आक्षेपाला कुणी उत्तरही देत नाही, म्हणून त्याचे चार कापतो. म्हणजे पाच.

बेरीज करून सरासरी सहा येते. त्यात नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून असा प्रश्न काढल्याबद्दल अर्धा मार्क वाढवतो. दहापैकी साडेसहा. जुना शेरा खोडलेला नाही, खाली नवीन लिहिलाय: ‘हेडबँडच्या आदल्या दिवशी बघावा.’

तुमच्या घरी अशी दोन शेकोट्यांची हकिगत असेल, तर दोन्हींत सारखं काय आहे ते आधी लिहून काढा. आणि कागद सापडला तर सांगा, मला ऐकायला आवडेल. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.